अंगठ्यावरचा रंग

त्या सोमवारी थोरल्या सुनेला मिळण्यासारखं बरंच होतं. एक तर खिडकीचं टेबल. त्याच्यावर सकाळचा सरळ उजेड पडतो, आणि त्याच्या आशेवर तिनं अठरा वर्षं आतल्या ट्यूबलाइटखाली मान मोडून लोकांची नखं घासली होती. त्या टेबलाची ठरलेली बेचाळीस गिऱ्हाइकं. किल्ल्यांचा जुडगा. आणि सासूच्या तोंडून चार माणसांत निघणारं ‘हिनं सांभाळलं’ हे वाक्य. या शेवटच्या गोष्टीची किंमत किल्ल्यांहूनही जास्त आहे, हे तिनं नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं. आणि एवढं पदरात पडायला तिला करायचं काय होतं? तोंडात मिठाची गुळणी धरून तासभर बसायचं. गप्प बसण्याचा सराव तिला पुष्कळ होता. सौदा स्वस्तातच पडत होता म्हणायचा.

सोमवारी दुकानाला सुटी. शटर अर्ध्यावर ओढलेलं, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. फळीवर नेलपॉलिशच्या बाटल्या रंगवार उभ्या, कातडी कापायचे निपर आणि नखं घासायच्या फाइली उकळून फडक्यावर पसरलेल्या. थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आणि त्याच्या बहिणीनं, धाकटीनं, दोन बाजूंनी धरून सासूबाईंना वरच्या खोलीतून जिन्यानं खाली आणलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

“मऊ आहे की,” त्या म्हणाल्या. “म्हणून या बायका उठत नाहीत लवकर.”

दुकानात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, पोटची पोरंसुद्धा. वर गेलं की आई. नियम त्यांचाच. गिऱ्हाइकापुढं आई आई केलं, की गिऱ्हाइकाला वाटतं घरचंच काम आहे, थोडं वाकडंतिकडं चालायचं.

त्यांचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. त्या गुंडाळीत अंगठा नव्हता. बरोब्बर तीन आठवड्यांपूर्वी तो काढला होता. डावा हात मांडीवर मोकळा. त्यावरचा जांभळट लाल रंग नखांबरोबर पुढं सरकला होता आणि बुडाशी कोऱ्या नखाची कड उघडी पडली होती. या घरातल्या कुणालाही ती कड बघून सांगता आलं असतं, की या हाताला महिनाभर कुणी हात लावलेला नाही.

“तर,” बाटलीमामांनी घसा साफ केला. बाईंचा धाकटा भाऊ. दुकानोदुकान नेलपॉलिश पुरवायचा, म्हणून बाटलीमामा. घरात काहीही ठरवायचं असलं की अध्यक्षपद आपसूक त्याच्याकडे जाई, कारण दुसरं कुणी ते मागत नसे. “तर आपण सगळे जमलोय ते कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे.”

“माहीत आहे तर कशाला सांगतोस,” बाई म्हणाल्या. “पुढचं बोल.”

“ताई, मला निदान सुरुवात तरी करू दे.”

“माझ्याकडे वेळ कमी आहे. डॉक्टरनं तुझ्यासमोरच सांगितलंय.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अंगठ्याच्या नखाखालचं दुखणं काखेतल्या गाठींत आणि तिथून छातीत पोचलंय. दिवस मोजायचेच तर महिन्यांत मोजा, वर्षं धरू नका. आणि मग रिपोर्ट मिटता मिटता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं होतं, “तुमचं अख्खं घर नखं बघून जगतं. अशी काळी रेघ आधी दिसते. कुणालाच दिसली नाही?”

किती दिवसांपासूनची असेल, असं थोरल्यानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, सांगता येत नाही. कुणाचं झपाट्यानं वाढतं, कुणाचं वर्षानुवर्षं रेंगाळतं.

घराला तेवढी फट पुरली. बाईंच्या हाताला शेवटी कोण बसत होतं? धाकटी. आठ महिन्यांपूर्वी ती ज्या मोठ्या हॉटेलच्या पार्लरात होती ते बंद पडलं, आणि ती आपली बॅग, जेलचे डबे आणि जेल सुकवायचा निळा दिवा घेऊन आईकडं परत आली. तेव्हापासून बाईंच्या नखांवर जेलचा रंग. तीन-तीन आठवडे टिकणारा, चकाकणारा. उतरवायचा नाही, नख वाढेल तशी बुडाशी भर घालायची. उत्तर तयार होतं. बोट दाखवायला बोट तेवढं हवं होतं, आणि ती या घरात कमी नव्हती.

“बायका काय काय बोलतायत,” थोरला म्हणाला. बस चालवणारा माणूस, आरशात मागचं बघितल्याशिवाय न वळणारा. आताही त्यानं आधी बायकोकडं पाहिलं. “म्हणतात, त्या निळ्या दिव्यानंच झालं. परवा दोघींनी वेळ घेऊन रद्द केली.”

“डॉक्टर दिव्याबद्दल काही म्हणाले नाहीत, दादा,” धाकटी म्हणाली.

“मी म्हणतोय का? बायका म्हणतायत.”

“दिव्याचं राहू दे. दिवा नाही बाधला तरी मी बाधलेच की.” धाकटी मांडीवर हात पालथे टाकून बसली होती. या धंद्यातली बाई हात असे कधी टाकत नाही. “मी आले त्या पहिल्या सोमवारी बसले यांच्या हाताला. नऊ नखं उतरवून कोरी केली. अंगठ्याला आले तर बाई म्हणाल्या, तो राहू दे, नख मऊ पडलंय, वरूनच लाव. मी लावलं. हॉटेलात कुणी राणी येऊन बसली असती तरी मी कोरं नख बघितल्याशिवाय पहिला हात दिला नसता. पण आई म्हणाली, म्हणून लावलं. आठ महिने लावत राहिले. त्या दुखण्याच्या डोक्यावर बसून रंग चढवत होते मी.”

मामांनी बाटल्यांकडं पाहिलं. बाईंनी शटरखालून दिसणाऱ्या पायांकडं.

“कार्डावर काही लिहिलेलं आहे का?” मामांनी विचारलं. त्यांना काहीतरी हातात हवं होतं.

दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असे. हीही बाईंचीच शिस्त. नख कोरं करायचं, खिडकीशी नेऊन उजेडात बघायचं, डाग, रेघ, सूज, काय दिसेल ते कार्डावर लिहायचं, मगच बाटली उघडायची. खणात सहाशेवर कार्डं होती. थोरलीनं न उठता सांगितलं, “बाईंचं कार्ड नाही.”

“नाही म्हणजे?”

“मी काय गिऱ्हाईक आहे?” बाई म्हणाल्या.

सगळ्या गावाच्या नखांची नोंद ठेवणाऱ्या घरात एकाच हाताची नोंद नव्हती, आणि तो हात दुकानाची पाटी होता. गिऱ्हाईक आधी बाईंचे हात बघे, मग स्वतःचे पुढं करी. म्हणून तो कोरा कधीच राहत नसे.

नोंद नव्हती, पण थोरलीच्या डोक्यात होती. तीन वर्षांपूर्वीचा सोमवार. तेव्हा बाईंच्या हाताला तीच बसायची. उजव्या अंगठ्याचा रंग पुसला तर नखाच्या बुडापासून टोकापर्यंत एक रेघ. टोकदार पेन्सिलीनं ओढल्यासारखी. तिनं हात खिडकीकडं वळवला, तर बाईंनी तो सोडवून घेतला. ‘दाराच्या फटीत सापडला होता. रंग लाव.’ हे दारात सापडल्यासारखं दिसत नाही, एवढं ती म्हणाली. ‘तू डॉक्टर कधी झालीस? लाव म्हटलं ना.’ तिनं लावला. वरच्या खोलीत नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, आईला कळतं सगळं. पुढच्या सोमवारी रेघ होतीच, आणि त्याच्या पुढच्याही. रंग लावला की नसायची.

आणि या सगळ्याच्या वर्षभर आधीचं एक कार्ड खणात होतं. गणिताच्या बाईंचं. त्यांच्या मधल्या बोटावर अशीच रेघ बघून थोरलीनं बाटली बंद केली होती. ‘आज रंग मिळणार नाही, आधी दवाखाना,’ म्हणून त्यांना अक्षरशः खुर्चीतून उठवलं होतं. त्यांचं नख गेलं, त्या राहिल्या. अजून येतात, नऊ नखं पुढं करतात आणि म्हणतात, दहाव्याची सूट दे. तेव्हा रेघ म्हणजे काय असू शकतं, हे तिला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नव्हती.

“माझं ठरलंय,” बाई म्हणाल्या. “खिडकीचं टेबल थोरलीचं. किल्ल्याही तिच्याकडं. अठरा वर्षं तिनं सांभाळलंय.”

आलं ते वाक्य. थोरलीनं ते ऐकलं, आणि ज्याची इतकी वर्षं भूक होती ते समोर आल्यावर जेवणावरची वासना उडावी, तसं तिला झालं.

“आणि धाकटीनं जायचं,” बाई पुढं म्हणाल्या. “याच आठवड्यात. दिवा घेऊन. लोकांना दिसलं पाहिजे, की दिवा गेला.”

“जाते,” धाकटी म्हणाली. “टेबल नको मला, दुकानात पाय ठेवणार नाही. पण वर राहू दे. तुझं पथ्यपाणी, पट्ट्या, रात्रीचं उठणं, वहिनी दुकान बघून किती करेल? मला वर राहू दे, आई.”

दुकानात बसून ती बाईंना तोंडावर आई म्हणाली होती. कुणी हटकलं नाही.

“वर राहिलीस म्हणजे इथंच राहिलीस.”

“तुझ्याकडं वेळ कमी आहे असं तूच म्हणालीस ना आता?”

“म्हणूनच म्हणते, तो वाद घालण्यात घालवू नकोस.”

मामा उठले. “चहा ठेवा कुणीतरी,” ते म्हणाले. माणसानं लढाईच्या ऐन मध्यात पाणी पाजायला निघावं तसे ते नेहमीच उठत.

मागच्या बाजूला मोरीएवढी जागा, तिथं शेगडी, बेसिन आणि टॉवेलांची चळत. थोरली चहाला उभी राहिली, तसा नवरा मागोमाग आला. तो कप शोधायचं नाटक करत होता.

“झालं ना मनासारखं,” तो हळूच म्हणाला.

“तुला आठवतंय ना, तीन वर्षांपूर्वी मी तुला काय सांगितलं होतं?”

“मला काही आठवत नाही. तुलाही आठवत नाही.” त्यानं दोन कप उचलले. “आई जाणारच आहे. तू आत्ता बोललीस म्हणून ती थांबणार आहे का? एकाच्या डोक्यावर बसलंय ते बसू दे. तिला ना घर ना दार, कुठंही पोट भरेल तिचं. आपल्याला हेच दुकान आहे.”

तो खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. त्याचा हिशेब नेहमी बरोबर यायचा, फक्त त्यात माणसं धरलेली नसायची.

तो गेला आणि धाकटी आली. तिनं बेसिनशी तोंडावर पाणी मारलं, टॉवेलनं पुसलं आणि टॉवेल पुन्हा चार घड्या घालून ठेवला.

“वहिनी, एक सांगते ते ऐक. तिच्या डाव्या हाताचं जेल तू उतरव. ओढू नकोस, रिमूव्हरचा बोळा बांधून वीस मिनिटं ठेव. औषधांनी नखं पातळ झाली असतील. आणि करंगळीच्या बुडाची कातडी कापू नकोस, ती ओरडत नाही पण तिला दुखतं.”

“मला माहीत आहे,” थोरली म्हणाली.

“हो, तुला माहीतच असणार. किती वर्षं तूच करत होतीस.” धाकटी थांबली. “तुझ्याकडून मी हात काढून घेतला ना. आल्या आल्या. तुला राग आला होता, मला कळलं होतं. पण मला वाटलं, आईला नवीन काहीतरी करून दाखवावं.” चहा उतू जायला आला, तो तिनंच खाली उतरवला. “मी आले नसते तर बरं झालं असतं, वहिनी. तू असतीस तर तुला दिसलं असतं. तू गणिताच्या बाईंना वाचवलंस. तुझी नजर चुकली नसती. झोपच लागत नाही मला, हेच डोक्यात येतं, की तू असतीस तर.”

थोरलीनं चहा गाळला. पाच कप भरले, एक ओसंडला. तिला वाटलं होतं की नणंद भांडेल, आळ घेईल, वाटा मागेल. त्या सगळ्यावर गप्प बसायची तिची तयारी होती. तिला कुणी चांगली म्हणेल आणि त्यावर गप्प बसावं लागेल, याची नव्हती.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. कप वाटले नाहीत. ट्रे खिडकीच्या टेबलावर ठेवला.

“रेघ आधीची आहे,” ती म्हणाली.

“कसली रेघ?” मामांनी विचारलं.

“बाईंच्या अंगठ्यावरची. धाकटी यायच्या आधीची. मी बघितली होती. मी रंग लावत होते तिच्यावर.”

“चहा दे आधी,” थोरला म्हणाला.

“तुलाही सांगितलं होतं मी.”

त्यानं आरसा शोधावा तसं इकडंतिकडं पाहिलं. मागं भिंत होती.

धाकटी मागच्या दारात उभी राहिली होती. तिचा आवाज अगदी साधा होता, कार्ड भरताना विचारतात तसा. “कधी?”

“तीन वर्षं झाली.”

“केवढी होती?”

“पेन्सिलीच्या रेघेएवढी. मग रुंद होत गेली.”

“गणिताच्या बाईंना कधी पाठवलंस?”

“त्याच्या आदल्या वर्षी.”

धाकटीनं मान हलवली. तेवढ्यात तिची मोजणी झाली. तीन वर्षांतून आठ महिने गेले तर किती उरतात, याला गणिताच्या बाई लागत नाहीत.

“पुरे,” बाई म्हणाल्या. “तिला काय विचारतेस. मीच म्हटलं होतं, रंग लाव.”

“तुला माहीत होतं?” धाकटी त्यांच्याकडं वळली. “तुला माहीत होतं आणि तू मला घालवत होतीस?”

“कुणीतरी जायलाच हवं होतं.” बाईंनी डावा हात झोळीतल्या हातावर ठेवला. “नखवालीच्याच नखात घाण निघाली, तीही घरातल्या सगळ्यांनी झाकली, असं झालं असतं तर शटर वर गेलं नसतं पुन्हा. आणि नवीन आलेलीनं केलं, ती गेली, असं झालं तर बायका चार महिन्यांत विसरतात. बायकांना मी ओळखते.”

“आणि मला? मला ओळखतेस?”

“ओळखते म्हणूनच. तुझ्या हातात कसब आहे, तुला कुठंही खुर्ची मिळेल. हिला…” त्यांनी थोरलीकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. “हिला हे दुकान सोडून दुसरं काय आहे? हिला कोण घेईल?”

लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. पण बाईंनी अठरा वर्षं राखून ठेवलेलं बोलणं आज सरळ सुनेलाच सांगितलं. ‘हिनं सांभाळलं’ या वाक्याच्या पाठीमागं काय लिहिलेलं होतं ते थोरलीनं आता वाचलं. कौतुक नव्हतं ते. सोय होती.

“तीन वर्षांपूर्वी एकच नख गेलं असतं, ताई,” मामा म्हणाले. एरवी प्रत्येक वाक्याला शेपूट लावणारा माणूस, तो तिथंच थांबला.

“मला वाटलं, जाईल वाढून पुढं,” बाई म्हणाल्या. “सगळंच जातं वाढून पुढं. दर सोमवारी वाटायचं. आणि रंग लावला की हात छान दिसायचा.”

मग त्या रडल्या. त्यांच्या उजव्या हाताला डोळे पुसता येईनात आणि डाव्याला सवय नव्हती. थोरली पुढं झाली, तर धाकटीनं तिला हातानं नाही, नुसत्या नजरेनं थांबवलं. तिनं स्वतः आईचे डोळे पुसले.

“मी वर राहणार आहे,” ती म्हणाली. “कुणी काही बोलणार नाही यावर.”

पाचही कपांवर साय धरली.

पुढं दुकानाच्या गोष्टी ठरल्याप्रमाणंच झाल्या, हे त्यातलं सगळ्यात वाईट. टेबल थोरलीकडं आलं, कारण धाकटीनं ते घ्यायला नकार दिला. किल्ल्याही आल्या. बायका परत आल्या, बाईंनी चार महिने धरले होते, दोनच लागले. थोरलीनं खणात एक नवं कार्ड घातलं, बाईंचं. पण त्यावर लिहायला तिला वर कुणी बोलावलं नाही. डाव्या हाताचं जेल धाकटीनं उतरवलं, बोळे बांधून, वीस मिनिटं थांबून, आणि नंतर त्या नखांवर कुणी रंग चढवला नाही. थोरलीला वर पथ्याचं ताट नेऊन ठेवायची मुभा होती. धाकटी दारातच ते घेई आणि म्हणे, “ठेवा वहिनी.” पूर्वी ती ‘ठेव’ म्हणायची. बाई साडेपाच महिन्यांनी गेल्या, सोमवारीच, भर दुपारी, लेकीच्या मांडीवर हात टाकून. तेव्हा थोरली खाली गणिताच्या बाईंच्या नऊ नखांना पहिला हात देत होती. सोमवारी दुकान बंद ठेवायची चाल तिनं मोडली होती. घरात बसवत नव्हतं.

आता कुणी काय भरलं ते बघायचं, तर मामांना काहीच पडलं नाही. थोरल्याला बायकोची पाठ बघत झोपावं लागलं, पण तो लवकर झोपणारा माणूस. बाईंनी आधी अंगठा भरला आणि मग उरलेलं सगळं, पण रंग लावून घेतला तो त्यांनीच, तेव्हा त्यांना तक्रारीला जागा नव्हती, आणि त्यांनी ती केलीही नाही. थोरलीनं भरलं ते रोजच्या हप्त्यानं, आणि ते अजून फिटलेलं नाही.

पण अंगठा काढला त्या दिवसापासून त्या सोमवारपर्यंतचे एकवीस दिवस उरतात. आपल्या हातानं आपण आईला मारलं, असं मनात धरून धाकटीनं ते एकवीस दिवस काढले. रोज सकाळी टॉवेल उकळले, रोज दुपारी पट्ट्या बदलल्या, आणि रोज रात्री जागी राहिली. त्यातलं तिच्या नावावर काहीच नव्हतं. ते सगळं थोरलीच्या नावचं होतं आणि थोरली शेजारच्याच खोलीत होती, तिला ऐकू येत होतं. पुढं बोलून तिनं नणंदेला आई परत दिली, साडेपाच महिन्यांपुरती का होईना. ते एकवीस दिवस मात्र कुणालाच परत देता आले नाहीत. ते धाकटीनं भरले.